चार शिट्ट्यांचा वाटाणा

"तुला खात्री आहे ना?" असं कोणी विचारलं की ऋता देवधरचं डोकं फिरायचं. खात्री नसती तर ती बोललीच नसती, एवढं समोरच्याला कळू नये?

अकरा वर्षं ती सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात बसून उपाशी माणसांसाठी धान्य खरेदी करत होती. एका मदतसंस्थेचं खरेदी कार्यालय होतं ते. जगात कुठे लढाई पेटली, शेतं ओस पडली, बाजार उठले की तिच्या टेबलावर कागद यायचा: इतकी माणसं, इतके दिवस, काय पाठवता? मग ऋता तांदूळ, ज्वारी, तेल, कडधान्य शोधायची, तपासून घ्यायची आणि जहाजावर चढवून द्यायची. पुण्यात अन्नतंत्र शिकलेली बाई, मूठभर डाळ तळहातावर चोळून ओलावा सांगायची आणि मशीनचा आकडा मागाहून तेच सांगायचा. अकरा वर्षांत तिच्या हातून एकही पोतं किडकं गेलं नव्हतं. ऑफिसात तिच्यामागे तिला 'प्रयोगशाळा' म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

या वेळचा कागद सुदानचा होता. युद्ध सुरू होऊन दोन वर्षं उलटून गेली होती. पश्चिमेकडच्या गावांमध्ये दुकानं रिकामी पडली होती आणि लोकांनीच शाळांच्या, दवाखान्यांच्या आवारात सामुदायिक स्वयंपाकघरं उघडली होती. अशा चाळीस स्वयंपाकघरांना पावसाळ्याआधी कडधान्य पोचवायचं होतं. एकदा तिकडचे नाले भरले की ट्रक दोन-दोन महिने एका जागी उभे राहतात, त्यामुळे उशीर करून चालणार नव्हतं.

ऋतानं पांढरा वाटाणा निवडला. अख्खा, चारशे टन, ऑस्ट्रेलियाचा. डाळीला कीड लवकर लागते, अख्खा दाणा टिकतो, हे तिनं बैठकीत अशा काही ठसक्यात सांगितलं की कोणी हूं की चूं केलं नाही. बुकित बातोकच्या लॅबमध्ये ओलावा, प्रथिनं, बुरशी सगळं तपासून झालं. फॉर्मवर एकच रकाना उरला, शिजायला लागणारा वेळ.

आता या ऑफिसची एक रीत सांगायला हवी. तिथे मराठी माणसं तीन. ऋता, तिचा साहेब प्रबोध, आणि लॅबचं काम पाहणारा कुशल. नवं कडधान्य आलं की तिघंही शुक्रवारी अर्धा अर्धा किलो घरी न्यायचे, शनिवार-रविवारी शिजवायचे आणि सोमवारी कॉफी पिता पिता निकाल सांगायचे. एवढ्याशा कामासाठी लॅबचा वेळ कशाला घालवायचा? आपण काय पहिल्यांदा उसळ करतोय?

"तीन शिट्ट्या आणि मग बारीक गॅसवर दहा मिनिटं," प्रबोध म्हणाला होता. "रगडा असा झाला की पॅटिस कमी पडले."

"माझ्याकडे चार लागल्या," कुशल म्हणाला होता.

ऋताच्याही चारच. चार शिट्ट्या म्हणजे पंचवीस मिनिटं, असा हिशेब तिनं मनातल्या मनात केला, रकान्यात '२५ मिनिटं' लिहिलं आणि सही ठोकली. खाली प्रबोधनं केली, त्याखाली कुशलनं केली. तिघांतल्या एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. वाटाण्याचे सोळा कंटेनर सिंगापूरच्या बंदरात येऊन दाखल झाले. पुढचं जहाज शुक्रवारी सुटणार होतं.

माल निघायच्या आधी पलीकडच्या टोकाच्या निदान एका माणसाशी स्वतः बोलायचं, हीसुद्धा ऋताची एक सवय होती. या खेपेला ते माणूस म्हणजे इख्लास. युद्धाआधी ती मुलांना गणित शिकवायची. शाळा बंद पडली, वर्गांमध्ये घरदार सोडून आलेली कुटुंबं राहायला आली, आणि इख्लासनं शाळेच्या अंगणात तीन हंडे मांडले. रोज अठराशे माणसं तिथे पाळीपाळीनं जेवत. गेले दोन महिने दर शनिवारी दुपारी दोनला, म्हणजे तिकडे सकाळी आठला, दोघी व्हिडिओवर बोलायच्या. आधी मालाविषयी, मग इकडचं तिकडचं. इख्लासला ऋताच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्वीन्सटाउनच्या इमारतींचं भारी कौतुक होतं. "इतक्या उंचावर पाणी चढतं?" असं तिनं तीनदा विचारलं होतं.

बोलता बोलता इख्लास मध्येच म्हणायची, "थांब, मोजते." मग फोन कुठेतरी टेकवलेला असायचा आणि ऋताला नुसतं आभाळ दिसायचं. पहिल्या वेळी तिला वाटलं होतं, पोती मोजत असेल. तसं नव्हतं. हंड्यांखाली घालायला सरपण लागायचं आणि ते आणायला रोज पहाटे अकरा जणी गावाबाहेर जायच्या. गावाच्या शेवटच्या भिंतीपलीकडे बंदूकवाले फिरत. इख्लास त्या बायकांना मोजून पाठवायची आणि मोजून घ्यायची. अकराच्या अकरा आवारात आल्याशिवाय ती हंड्यात डाव घालत नसे. फेब्रुवारीत एकदा नऊच आल्या होत्या. त्या दोघींची नावं तिनं ऋताला सांगितली होती, त्यापुढचं काही सांगितलं नव्हतं आणि ऋतानं विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी नव्या दोघी उभ्या राहिल्या, कारण अठराशे माणसांचं जेवण अकरा मोळ्यांवाचून होत नव्हतं.

त्या शनिवारी मात्र इख्लास भलतीच खुशीत होती.

"तुझा कागद पोचला," ती म्हणाली. "पंचवीस मिनिटं! ऋता, आम्ही आत्ता जी चवळी शिजवतो ना, तिला अडीच तास लागतात. मी काल गणित मांडलं. थोडं हातचं राखून मांडलं, उगाच नको. तरी सरपण चौथ्या हिश्शावर येतं. मी सगळ्यांना सांगून टाकलं, हा माल आला की रोज जायचं नाही. आठवड्यातून दोनदा, तेही आपला ट्रक सोबत असेल त्या दिवशी."

"मग? काय म्हणाल्या?"

"एकीनं मला उचललं. मला! बघ माझं वजन." इख्लास हसली आणि मग तिच्यातल्या शिक्षिकेला राहवलं नाही. "तुला खात्री आहे ना?"

ऋतानं छातीठोकपणे उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

इख्लास एकदम खाली वाकली. पडद्यावरून तिचा चेहरा नाहीसाच झाला. "काय झालं? काय होतं ते?"

"अगं, काही नाही, घाबरू नकोस! कुकर आहे, कुकर." ऋता फोन घेऊन ओट्याशी गेली. "हे बघ. झाकण घट्ट बसतं, वाफ आत कोंडते, म्हणून लवकर शिजतं. आमच्याकडे घरोघरी असतो. आणि आत काय आहे सांगू? तोच वाटाणा. तुझ्याकडे येतोय तो. चार शिट्ट्या झाल्या की..."

ती बोलायची थांबली. स्वतःचं वाक्य तिला स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं होतं.

इख्लास पडद्यावर परत आली होती आणि कुकरकडे टक लावून पाहत होती. "हे भांडं," तिनं विचारलं, "मालाबरोबर येणार आहे का?"

दुसरी शिट्टी झाली. ऋतानं हात लांब करून गॅस बंद केला.

"इख्लास," ती म्हणाली, "माझी चूक झाली आहे. मोठी चूक. ती पंचवीस मिनिटं या भांड्यातली आहेत. तुझ्या हंड्यातली किती, ते मला माहीत नाही. उद्या सांगते."

इख्लास रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "मी त्यांना सांगून बसले आहे गं." आणि मग, "थांब, मोजते."

ऋताचा नवरा सौमित्र बाहेरून आला तेव्हा ती ओट्यापाशी स्टूल टाकून बसली होती. समोर साधं पातेलं, वर साधी झाकणी, हातात घड्याळ. सौमित्र एका बँकेत आयटीत होता आणि बायकोच्या रुबाबाची टिंगल करणं हा त्याचा आवडता छंद होता.

"हे काय, कुकर रुसला?"

तिनं काय झालं ते सांगितलं. "माझी चूक झाली," असं वाक्य ऐकून त्यानं सवयीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदाच ऐकतोय. तारीख लिहून ठेवू?" आणि मग त्याचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. तो दुसरं स्टूल ओढून बसला.

रात्रभर भिजवलेल्यातलाच उरलेला वाटाणा होता तो. तास झाला, दाणा दाताखाली कचकचत होता. दीड तास झाला, वरून मऊ, आत खडा. पावणेदोन तासांनी कुठे बोटांत चिरडला. आणि हे घरच्या चांगल्या गॅसवर, एका पातेल्यात. तिकडे वाऱ्यात, ओल्यासुक्या फाट्यांवर, पन्नास लिटरच्या हंड्यात किती वेळ लागेल?

"अडीच तास," ऋता म्हणाली. "चवळीइतकेच. म्हणजे काहीच बदलणार नाही. त्या रोजच्या रोज जाणार." तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा तिला आणखी राग आला. "मूर्ख बाई! लॅब काय, प्रथिनं काय, बुरशी काय! सगळं बघितलं आणि चुलीवर भांडं कुठलं आहे ते बघितलं नाही. तिघांपैकी एकालाही सुचू नये? शिट्ट्या मोजतोय बसून!"

"आमच्या घरीसुद्धा कोणाला सुचलं नसतं," सौमित्र म्हणाला.

"तिकडच्या बायका सरपणाला जातात, आपल्या जात नाहीत. म्हणून सुचत नाही." तिनं डोळे पुसले आणि उठून वाटाणा गाळणीत ओतला. "शुक्रवारी जहाज आहे. सहा दिवस आहेत. बघतेच मी."

रविवारी सकाळी दोघं खालच्या हॉकर सेंटरला, त्या खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, प्राटा म्हणजे इथला पराठा खायला गेले. ऋताची भूक मेली होती, पण सौमित्रनं तिला ओढूनच नेलं. प्राटाबरोबर नेहमीसारखी वाटीभर पातळ पिवळी डाळ आली. ऋतानं चमचा बुडवला, चाखलं, आणि चमचा तसाच हातात धरून बसली. वर्षानुवर्षं ती ही डाळ खात होती आणि एकदाही तिनं ती ओळखली नव्हती, कारण प्राटाची डाळ ही काही तपासायची गोष्ट नव्हती.

"वाटाण्याची डाळ आहे ही," ती म्हणाली आणि उठून थेट स्टॉलच्या मागे गेली.

मागे शेगडीवर हंडा होता. चांगला चाळीस-पन्नास लिटरचा, उघडा, अॅल्युमिनियमचा, इख्लासच्या हंड्याचा सख्खा भाऊ. स्टॉलवाले अंकल प्राटा थापत होते.

"अंकल, ही डाळ भिजवता का?"

"भिजवायला वेळ कुठे आहे, लाह?" सिंगापुरी रीतीनं वाक्याला 'लाह' जोडत अंकल म्हणाले. "धुवायची आणि टाकायची. फॉर्टी मिनिट्स. मीठ नंतर."

"आता दुसरा हंडा कधी चढवणार?"

अंकलनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ही बाई त्यांचा गुप्त मसाला चोरायला आली आहे. पण दहा वाजता दुसरा हंडा चढला तेव्हा ऋता शेजारी घड्याळ धरून उभी होती. गिऱ्हाइकं तिच्याकडे वळून वळून बघत होती. तिला त्याची फिकीर नव्हती. एकोणचाळिसाव्या मिनिटाला अंकलनी डाव फिरवला आणि डाळ विरघळून गेली. ऋतानं रिकाम्या पोत्यावरचं नाव टिपून घेतलं: पेरियासामी अँड सन्स, गोदाम बुकित बातोक.

घरी येऊन तिनं इख्लासला निरोप पाठवला: डाळ असेल तर चाळीस मिनिटं. भिजवायची गरज नाही. पण डाळीला कीड लवकर लागते, चार महिने टिकेलच असं नाही. तासाभरानं उत्तर आलं: 'कीड लागायला आधी माल उरायला हवा. चाळीस मिनिटांत माझं आठवड्यातून दोनदाचं गणित जमतं. नक्की का?'

ऋतानं या वेळी लगेच 'नक्की' लिहिलं नाही. तिनं लिहिलं: 'हंडा तुझ्याएवढाच होता. झाकण नव्हतं. मी शेजारी उभी होते.'

सोमवारी सकाळी प्रबोध कॉफीचा कप घेऊन खुर्चीत टेकायच्या आत ऋता त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. प्रबोध तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, सावध, आणि वादळात छत्री न उघडता आडोसा शोधणारा माणूस. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बदलायचं म्हणतेस. कंटेनर बंदरात उभे आहेत."

"शुक्रवारी दुपारी चारपर्यंत आत द्यायचे आहेत. तोपर्यंत बदलू. या पेरियासामींकडे फोडलेली डाळ तयार असते. आपला अख्खा वाटाणा त्यांना द्यायचा, त्यांची डाळ आपण घ्यायची. नाहीतरी ते वाटाणा आणून फोडतातच. पैशांचा प्रश्नच नाही."

"फोडली की घट येते."

"येते. चारशेचे तीनशे साठ होतील."

प्रबोधनं कप खाली ठेवला. "चाळीस टन, ऋता. माणशी साठ ग्रॅम धरलं तर साडेसहा लाख वाट्या. तू साडेसहा लाख वाट्या परत पाठवायला सांगते आहेस. वर विचारलं तर काय उत्तर देऊ मी?"

हा वार खरा होता. रविवारी रात्रभर ऋताला याच आकड्यानं टोचलं होतं. पण तिनंही रविवार नुसता टोचून घेण्यात घालवला नव्हता.

"ती चाळीस टन टरफलं आहेत, प्रबोध. आणि थोडा चुरा. टरफलात प्रथिनं किती, ते कुशलनं काल लॅब उघडून काढून दिलंय, हा कागद. टरफलानं पोट फुगतं, भरत नाही. आणि तुम्ही वाट्याच मोजणार असाल तर कच्च्या वाटाण्याची वाटी मोजू नका. सरपण संपलं म्हणून अर्धवट शिजलेलं तिकडे मुलांना वाढतात. ते त्यांच्या अंगी लागत नाही, जुलाब होतात. शिजलेल्या वाट्या मोजा, मग डाळच पुढे जाते."

प्रबोधनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "बरं. पण बदलाचं कारण काय लिहायचं? पुरवठादाराची अडचण म्हणून लिहूया. कोणाला काही विचारायची वेळ येणार नाही. तुझं नावही खराब होणार नाही."

खरं सांगायचं तर क्षणभर ऋताला मोह झाला. अकरा वर्षांचं नाव होतं. एक ओळ लिहिली की झाकून जात होतं.

"नाही," ती म्हणाली. "कारण लिहायचं, शिजायची वेळ प्रेशर कुकरमध्ये मोजली होती. मोजणाऱ्या बाईचं नाव ऋता देवधर. असं लिहिलं नाही तर उद्या दुसरं कोणीतरी शिट्ट्या मोजून सही करेल, आणि तिकडे आणखी कोणीतरी लाकडं आणायला जाईल. माझं नाव खराब होऊ दे. त्यानं कोणी मरत नाही."

तिनं नवा फॉर्म टेबलावर ठेवला. 'शिजायला लागणारा वेळ' या रकान्याखाली तिनं आणखी दोन रकाने आखले होते: कोणतं भांडं, कोणता जाळ. प्रबोधनं पेन उघडलं, थांबला आणि तिनं लिहिलेल्या नावापुढे स्वतःचंही नाव लिहिलं.

"तीन शिट्ट्या कोण म्हणालं होतं?" तो म्हणाला. "मीच ना? जा आता. तुझ्या त्या पेरियासामींना गाठ."

पेरियासामी सत्तरी ओलांडलेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं, पायात साध्या चपला. बुकित बातोकच्या गोदामात पोत्यांच्या थप्प्यांमध्ये एक छोटं टेबल टाकून ते बसले होते. ऋतानं आपला वाटाणा त्यांच्यासमोर ओतला. त्यांनी एक दाणा उचलला, दाताखाली फोडला, दोन्ही फाकी निरखल्या.

"चांगला माल आहे. मग बदलतेस कशाला?"

"आमच्या माणसांना डाळ हवी आहे, अंकल. शुक्रवारपर्यंत. चारशे टन हा घ्या, तीनशे साठ टन डाळ द्या."

"तीनशे पन्नास."

"टरफल आठ टक्के, चुरा दोन टक्के. तीनशे साठच होतात. हे मी तुम्हाला सांगावं?"

म्हातारा मिशीत हसला, पण मान हलवत राहिला. "माझ्याकडे निम्मीच डाळ इथे आहे. निम्मी पुलापलीकडे मलेशियात, जोहोरच्या गिरणीत. सगळी तुला दिली तर पुढचा आठवडाभर माझ्या गिऱ्हाइकांना काय देऊ? अर्ध्या सिंगापूरची प्राटाची डाळ पातळ होईल, माय डिअर. लोक मला शिव्या देतील, लाह."

"चार दिवस पातळ खातील. मीसुद्धा खाईन."

"अख्खा वाटाणा लवकर शिजत नाही म्हणून नको, असंच ना?" त्यांनी अचानक विचारलं.

"हो."

"सरपण कोण आणतं तिकडे?"

"बायका," ऋता म्हणाली. मग तिनं अकरा जणींचं सांगितलं आणि फेब्रुवारीतल्या त्या दोघींचंही सांगितलं. नावांसकट सांगितलं.

पेरियासामी हातातल्या फाकी एकमेकींवर घासत बसले. "माझी आई रबराच्या मळ्यात होती," ते म्हणाले. "मलायात. मी लहान होतो. ती फाट्या आणायला गेली की माझी थोरली बहीण दारात उभी राहायची. स्वयंपाक नाही, काही नाही, नुसती उभी." त्यांनी खिशातलं एक पेन काढलं. "तीनशे साठ. जोहोरचे ट्रक बुधवारी सकाळी येतील. तुझे कंटेनर इथे उघडायची परवानगी तू आण. आणि पोत्यांवर माझं नाव राहू दे, पुसू नकोस."

पुढचे चार दिवस ऋता कोणाचंच ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. कंटेनर बंदरातून बाहेर काढायचे आणि परत आत न्यायचे कागद तिनं मंगळवारी दुपारपर्यंत मिळवले. ज्या ज्या खिडकीवर "मॅडम, उद्या या" म्हणाले, तिथे ती खुर्ची घेऊन बसली आणि उठलीच नाही. बुधवारी जोहोरचे ट्रक पुलावर अडकले आणि सकाळचे संध्याकाळी पोचले. कुशल गुरुवारभर गोदामात उभा राहून प्रत्येक थप्पीतला नमुना काढत होता, आणि त्यानं एक शेगडी आणि एक हंडाही आणला होता. कुकर कोणी आणला नव्हता. शुक्रवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी शेवटचा कंटेनर बंदराच्या फाटकातून आत गेला.

रविवारी हॉकर सेंटरमध्ये डाळ खरंच पातळ होती. सौमित्रनं वाटी वाकडी करून दाखवली. "अगदी पाणी!" ऋतानं ती तोंडाला लावून संपवली आणि आणखी एक मागवली.

तीन आठवडे समुद्र, मग बंदर, मग ट्रक. ट्रक दोनदा अडवले गेले, एकदा नऊ दिवस. या काळात इख्लासचे फोन कधी लागायचे, कधी नाही. लागले की "थांब, मोजते" ठरलेलं. ऋताही पलीकडे आभाळ बघत श्वास धरून बसायची, आणि "अकरा" असं ऐकू आलं की सोडायची. नवव्या आठवड्यात निरोप आला की पोती उतरली. त्यानंतर दहा दिवस रेंज नव्हती.

मग एका शनिवारी दोनला फोन वाजला. ऋतानं आधी धावत जाऊन कुकरखालचा गॅस बंद केला. इख्लासला परत तो आवाज नको होता.

"बेचाळीस!" इख्लास ओरडलीच. "बेचाळीस मिनिटं. तुझ्या कागदावर चाळीस आहेत."

"वारा असेल गं!"

"वारा होता. म्हणून दोन मिनिटं माफ." ती हंड्यापाशी गेली आणि फोन आत दाखवला. पिवळीधमक, विरघळलेली डाळ. मागे पोत्यांची थप्पी होती आणि त्यावर पेरियासामींचं नाव. मुलं ताटल्या वाजवत रांगेत उभी होती. इख्लास डाव घेऊन ढवळायला लागली आणि एकीकडे बोलत राहिली, मीठ कमी मिळतंय, एका वर्गाचं छप्पर गळतंय, पाऊस दोन दिवसांवर आहे.

ऋता ऐकत होती, पण तिचं लक्ष कशाची तरी वाट पाहत होतं. काय ते तिला जरा वेळानं कळलं. डाव हंड्यात होता, आणि इख्लास "थांब" म्हणाली नव्हती.

"इख्लास, आज मोजायचं नाही?"

"आज शनिवार," इख्लास म्हणाली. "सरपणाचे वार सोमवार आणि गुरुवार." तिनं फोन वळवला. अंगणातल्या झाडाखाली बायका बसल्या होत्या. एक दुसरीची वेणी घालत होती, दोघी मिठावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या, एक पाय पसरून गाढ झोपली होती. "बघ. सगळ्या इथेच आहेत."

ऋतानं तरीही मोजल्या. अकरा होत्या.